मेकॅनिकने न विचारता कार्डावरून पैसे घेतले, आता काय करू?

पत्र

आमची गाडी कितीतरी वर्षं एकाच मेकॅनिककडे जाते. या वेळी सर्व्हिसिंग आणि पुढचे ब्रेक पॅड एवढंच काम सांगितलं होतं. मी ऑफिसात होते, म्हणून अ‍ॅडव्हान्ससाठी क्रेडिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे त्याला फोनवरच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "सस्पेन्शनचे बुश आणि एक व्हील बेअरिंगही गेल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "बघून सांगा." नंतर त्याचा काही फोन आला नाही. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले, त्याने बिल दिलं, उरलेली रक्कम मी कार्ड टॅप करून भरली आणि गाडी घरी आणली. त्या बिलात बुश किंवा बेअरिंग कुठेच नव्हतं.

चार दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. त्याच गॅरेजने माझ्या कार्डावरून आणखी पैसे घेतले होते आणि ती रक्कम मूळ बिलापेक्षाही जास्त होती. फोन केला तर म्हणाला, "बुश-बेअरिंगचे आहेत, बिलात लावायचे राहिले होते." मला विचारलं का नाही, असं म्हटल्यावर आवाज चढला. "एवढ्या वर्षांचा विश्वास आहे की नाही? बँकेत वगैरे गेलात तर पुढे तुमचं काम मी घेणार नाही."

नवरा म्हणतो, सोडून दे, रात्री-अपरात्री गाडी बंद पडली तेव्हा हाच धावून आला होता. मला मात्र हे पटत नाही. पण नंबर मीच दिला होता. मग बँक माझं ऐकेल का? की मीच चुकले?

– गोंधळलेली वाचक

उत्तर

तुम्ही चुकला नाहीत, आणि बँकेला तुमचं ऐकावंच लागेल. अ‍ॅडव्हान्ससाठी कार्डाचा नंबर देणं म्हणजे त्या एका रकमेला होकार देणं. पुढे कधीही, कितीही काढून घ्या, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय ते मागचे तीन आकडे अ‍ॅडव्हान्सचा व्यवहार मंजूर झाल्यानंतर त्याच्याकडे राहायलाच नको होते. पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचं मानक जगभर लागू आहे आणि एकदा व्यवहार मंजूर झाला की हे आकडे साठवून ठेवायला त्यात मनाई आहे. वहीत लिहूनही नाही आणि कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद करूनही नाही.

आता कामाचं बोलू. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवून घ्या. पहिली, मी होकार दिला नव्हता तरी पैसे घेतले. दुसरी, ते काम खरंच झालं का, आणि त्याची गरज होती का. दुसरी तक्रार मनाला जास्त टोचते हे मला समजतं. पण बँकेकडे गाडी वर उचलून बुश तपासणारा कोणी नसतो. बँक कागद बघते. या रकमेला या ग्राहकाने होकार दिला होता का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ती कागदांत शोधणार, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. म्हणून बँकेला लिहिताना पहिल्या तक्रारीवरच ठाम राहा. "काम निकृष्ट झालं", "भाव फार लावला", "बेअरिंग बदललंच नसेल" ही वाक्यं त्या अर्जात आली की एक स्वच्छ प्रकरण दोन माणसांच्या वादात बदलतं, आणि तसा वाद मिटवणं हे बँकेचं काम नाही.

तुमचा होकार नव्हता हे दाखवणाऱ्या तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत. पहिली म्हणजे त्याने स्वतः दिलेलं बिल. गाडी ताब्यात देताना त्याने एक आकडा लिहिला आणि तुम्ही तो पूर्ण भरला, म्हणजे त्या दिवशी हिशेब संपला. दुसरी, पैसे कसे घेतले ते. उरलेली रक्कम तुम्ही कार्ड टॅप करून भरलीत. नंतरचा व्यवहार मात्र कार्ड समोर नसताना, नुसता नंबर टाकून झालेला असणार. स्टेटमेंटवर किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये तशी नोंद दिसते का बघा, दिसत नसेल तर बँकेला विचारा, ती सांगू शकते. कार्ड समोर नसताना आणि ओटीपी वगैरेही न घेता केलेल्या व्यवहारात ग्राहकाचा होकार होता हे दाखवायची जबाबदारी सहसा व्यापाऱ्यावर येते. तुमच्या बाजूची ही मोठी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट तो फोन. तुम्ही "बघून सांगा" म्हणालात. "करून टाका" म्हणाला असतात तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. तरीही अर्ज करण्याआधी त्या दिवसाचे सगळे मेसेज नीट वाचून काढा. त्याने बुशचा फोटो पाठवला होता का? त्यावर तुम्ही घाईत अंगठा किंवा "ओके" पाठवलं होतं का? गाडी सोडताना जॉब कार्डवर, म्हणजे कामांची यादी असलेल्या गॅरेजच्या कागदावर, सही केली होती का, आणि त्या छापील मजकुरात "आवश्यक ती इतर कामे" असं काही होतं का? असं काही सापडलं तर लपवू नका. मेकॅनिक ते बँकेला दाखवणारच, आणि तुम्ही न सांगितलेली गोष्ट त्याच्याकडून पुढे आली की तुमच्या बाकीच्या शब्दांचंही वजन कमी होतं.

फोनवरचं बोलणं सिद्ध कसं करायचं, ही काळजी तुम्हाला असेल. कॉलची वेळ आणि किती मिनिटं बोललात हे फोनमध्ये नोंदलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट काढा. आणि आजच, आठवण ताजी असताना, कोण काय बोललं ते तारखेसह एका कागदावर उतरवून ठेवा. "बिलात लावायचे राहिले होते" हे त्याचं वाक्य त्यात जसंच्या तसं असू द्या. हे पैसे मूळ बिलाबाहेरचे आहेत हे त्याने स्वतःच त्या वाक्यात कबूल केलं आहे.

यानंतर मेकॅनिकला लेखी कळवा. फोन नको, फोनवर पुन्हा आवाज चढेल आणि हातात काहीच राहणार नाही. मी असं लिहीन:

"नमस्कार. अमुक तारखेला तुमच्या गॅरेजने माझ्या कार्डावरून अमुक रक्कम घेतली. गाडी ताब्यात देताना तुम्ही दिलेल्या बिलाचे पूर्ण पैसे मी त्याच दिवशी भरले होते. बुश आणि बेअरिंगच्या कामाला मी होकार दिला नव्हता, आणि या रकमेसाठी कार्ड वापरायची परवानगीही दिली नव्हती. ही रक्कम कृपया त्याच कार्डावर परत करा आणि रिफंडची पावती मला पाठवा. मी बँकेलाही कळवत आहे. रक्कम परत आली की तक्रार मागे घेईन."

यात आरोप नाही, धमकी नाही, चोर हा शब्द नाही. तो उलट काय लिहितो ते जपून ठेवा. "काम केलं म्हणून घेतले" असं त्याने लिहिलं, तर त्यात "विचारून घेतले" कुठेच नाही हे बँकेतला माणूसही वाचेल.

त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका, बँकेला त्याच दिवशी कळवा. व्यवहार अजून पेंडिंग दिसत असेल तर बहुतेक बँका तो पक्का होईपर्यंत अर्ज घेत नाहीत, पण फोन करून नोंद करता येते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो मिळेपर्यंत फोन ठेवू नका. त्याच फोनवर हे कार्ड बंद करून नव्या नंबरचं कार्ड मागा. जुना नंबर अजून त्याच्याकडे असणार आणि तो पुन्हा वापरला जाऊ शकतो.

बँकेच्या फॉर्मवर तक्रारीचं कारण निवडताना बरेच लोक अडखळतात. तिथे साधारण असे पर्याय असतात: मी हा व्यवहार केलेला नाही, रक्कम चुकीची आहे, सेवा मिळाली नाही, सेवा सांगितल्याप्रमाणे नव्हती. व्हिसाच्या नियमांतही वादांचे चार गट आहेत: फसवणूक, ऑथरायझेशन (व्यवहाराची मंजुरी), प्रक्रियेतली चूक आणि ग्राहकाची तक्रार. तुमचा व्यवहार कोणत्या गटात बसवायचा हे बँकेला ठरवू द्या. तुम्ही "मी हा व्यवहार मंजूर केलेला नाही" हा पर्याय निवडा आणि खालच्या रकान्यात या व्यापाऱ्याशी आधी व्यवहार झाला होता हे स्पष्ट लिहा. "मी या व्यापाऱ्याला ओळखत नाही" असा पर्याय असेल तर त्यावर कधीही खूण करू नका. तो खोटा आहे, आणि अ‍ॅडव्हान्सची नोंद बँकेच्या डोळ्यांसमोर आहे. खरी तक्रार अशा एका चुकीच्या खुणेने फेटाळली जाऊ शकते.

रकान्यातला मजकूर लहान ठेवा:

"या गॅरेजला मी दोन रकमा मंजूर केल्या होत्या: अमुक तारखेचा अ‍ॅडव्हान्स, आणि गाडी घेताना टॅप करून भरलेली बाकी. दोन्ही मिळून त्यांच्या बिलाएवढ्या होतात, बिल सोबत जोडले आहे. त्यानंतर अमुक तारखेला घेतलेली तिसरी रक्कम मी मंजूर केलेली नाही. त्या वेळी कार्ड माझ्याकडेच होते. अ‍ॅडव्हान्ससाठी फोनवर दिलेला नंबर माझ्या परवानगीशिवाय पुन्हा वापरला गेला. व्यापाऱ्याला लेखी कळवले आहे, तो मेसेजही जोडला आहे."

बिल, दोन्ही व्यवहारांच्या पावत्या, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि ज्या पानावर तिसरी रक्कम दिसते ते स्टेटमेंटचं पान, एवढं जोडलं की पुरे. एक लक्षात ठेवा, स्टेटमेंटवर गॅरेजच्या पाटीवरचं नाव नसून मालकाच्या फर्मचं नाव असू शकतं. तसं असेल तर एका ओळीत खुलासा करा.

मुदतीचं सांगते. तुम्ही कोणत्या देशातून लिहिलं आहे ते पत्रात नाही, म्हणून जरा लांबण लागेल. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्या नियमांत बहुतेक वादांसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. पण ती बँकेने पुढे पाऊल उचलायची मुदत आहे, तुमच्यासाठी बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते.

भारतात असाल तर घड्याळ फारच लवकर धावतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो, आणि त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, असंही त्यात आहे. आठवडा उलटला असेल तरी सोडून देऊ नका. क्रेडिट कार्डाच्या बिलाला हरकत घेतली तर ३० दिवसांच्या आत खुलासा, आणि लागू असेल तिथे कागदपत्रांचा पुरावा बँकेने द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला फी नाही.

अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आहे. ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं. पत्र बिलिंगच्या तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवायचं, पैसे भरायच्या पत्त्यावर नव्हे. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल द्यायचा. ब्रिटनमध्ये १९७४ च्याच कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ आहे. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत व्यापाऱ्याने करार मोडला तर त्याच्याबरोबर कार्ड देणारी कंपनीही जबाबदार ठरते. तुमच्या पहिल्या तक्रारीपेक्षा दुसऱ्या, कामाविषयीच्या तक्रारीला हे कलम जास्त उपयोगी आहे.

एक चूक मात्र करू नका. रागाच्या भरात अख्खं बिल थकवू नका. वादातली रक्कम सोडून बाकीची वेळेवर भरा. बँकेला विचारून घ्या की वादातल्या रकमेवर व्याज आणि विलंब शुल्क लागणार नाही ना, आणि तसं लेखी मागा. ऑटोपे चालू असेल तर ते पूर्ण रक्कम घेऊन जाईल, त्याकडे आधी बघा.

तात्पुरती रक्कम जमा झाली की लोकांना वाटतं जिंकलो, आणि ते कागद फेकून देतात. तसं करू नका. बँक आता मेकॅनिकच्या बँकेकडे विचारणा करते आणि मेकॅनिकला उत्तर द्यायची संधी मिळते. त्याने सही केलेलं जॉब कार्ड किंवा होकाराचा मेसेज पुढे केला तर जमा झालेली रक्कम पुन्हा वजा होऊ शकते. अशा वेळी त्याने दिलेले कागद मागून घ्या आणि बघा: सही खरंच तुमची आहे का, तारीख गाडी नेण्याच्या आधीची आहे का, बुश-बेअरिंगची ओळ नंतर वेगळ्या शाईने घातलेली तर नाही? तुमच्याकडच्या प्रतीशी ताडून पाहिलं की फरक लगेच दिसतो. मग फरकाच्या जागी खूण करून बँकेला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. निकाल अनेकदा या दुसऱ्या फेरीत लागतो, आणि नेमक्या तिथेच बरेच ग्राहक कंटाळून गप्प बसतात.

मध्येच मेकॅनिकने पैसे परत केले तर त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार मागे घ्या. दोन्हीकडून पैसे घेणं चूक आहे आणि ते पकडलंही जातं. तो रोख परत देतो म्हणाला तर शक्यतो नको म्हणा, त्याच कार्डावर मागा, म्हणजे नोंद राहते.

आता ती दुसरी तक्रार. गाडी एखाद्या वेगळ्या, ओळख नसलेल्या मेकॅनिककडे नेऊन बुश आणि बेअरिंग नवे आहेत का ते बघायला सांगा. नव्या बुशचं रबर काळंभोर आणि गुळगुळीत असतं, त्याला भेगा नसतात. बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे दिसतात, आणि आजूबाजूला साचलेला चिखल तेवढ्याच जागी निघालेला असतो. जे दिसलं ते त्याच्याकडून लिहून आणि फोटो काढून घ्या. काम झालंच नसेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि १९१५ या हेल्पलाइनवर त्याआधी तक्रार नोंदवता येते.

काम खरंच झालं असेल आणि त्याची गरजही होती असं दुसऱ्याने सांगितलं, तर? तरीही न विचारता कार्ड वापरणं चूकच. पण तुमचं मन त्या कामाचे पैसे बुडवायला तयार होत नसेल, तर आधी रक्कम परत मागा. मग पार्ट्सची मूळ बिलं आणि काढलेले जुने पार्ट बघून योग्य वाटेल तेवढे स्वतःच्या हाताने द्या. दर तुम्ही बघितलेला असेल, होकार तुमचा असेल. मला हा मार्ग न्याय्य वाटतो. मात्र तो देऊ करायचा की नाही हे सर्वस्वी तुमच्या मनावर आहे. त्याचा तो हक्क नाही.

राहिला नवऱ्याचा मुद्दा. अपरात्री धावून आलेल्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटणं अगदी बरोबर आहे, आणि त्याचे आभार तुम्ही त्या वेळी मानलेच असतील. पण ती मदत म्हणजे पुढच्या प्रत्येक वेळी न विचारता पैसे घ्यायचा परवाना नव्हे. एक फोन करायला त्याला दोन मिनिटं लागली असती. नवऱ्याला भांडायला बोलावू नका, त्याला फक्त ते बिल आणि तो मेसेज शेजारी-शेजारी ठेवून दाखवा.

"पुढे काम घेणार नाही" ही धमकी मनाला लावून घेऊ नका. ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने व्यापाऱ्याकडून पैसे परत घेतले की त्याला चार्जबॅक म्हणतात. व्यापाऱ्याला प्रत्येक चार्जबॅकमागे त्याच्या बँकेकडे सहसा वेगळी फी भरावी लागते, आणि असे प्रकार वाढले तर कार्ड घेण्याची सोयही जाऊ शकते. बँकेचं नाव काढताच त्याचा आवाज चढला, त्यामागे हे कारण असू शकतं. तुमची गाडी तुमच्या दारात उभी आहे, आणि या प्रकरणात ही सर्वांत मोठी सोय आहे. गाडी अजून गॅरेजातच असती तर गोष्ट अवघड झाली असती. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत कारागिराला वस्तू अडवून ठेवता येते, आणि इतर अनेक देशांतही असाच नियम आहे. तशा अडचणीत सापडलेल्या वाचकांनी बिलावर "हरकत नोंदवून पैसे भरत आहे" असं लिहून सही करावी, फोटो काढावा आणि गाडी आधी सोडवून आणावी. मात्र स्वतः टॅप करून भरलेली रक्कम नंतर "मंजूर केली नव्हती" असं म्हणता येत नाही. तिथे वाद कामाचा आणि दराचा होतो आणि जास्त कागद लागतात.

तुम्ही आज संध्याकाळपर्यंत मेकॅनिकला मेसेज आणि बँकेला फोन, एवढं उरका. बँक पहिल्या उत्तरात नाही म्हणाली, तर ते उत्तर, मेकॅनिकने दिलेले कागद आणि तुमच्या देशाचं नाव मला पाठवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते कळवते.